हॅम्बुर्गचं शिवणयंत्र

फेल्डश्ट्रासे स्टेशनातून बाहेर आले आणि समोर डोंगर दिसला. हॅम्बुर्ग हे नदीकाठचं सपाट शहर. इथे डोंगर कुठून आला म्हणून मी पाहतच राहिले. जवळ गेल्यावर कळलं की हा काँक्रीटचा आहे. साडेतीन मीटर जाडीच्या भिंती, माथ्यावर झाडं आणि वेली, आत हॉटेल, आणि बाहेरून वळसे घेत गच्चीपर्यंत चढणारी पायवाट.

"आई, हा बंकर," सून म्हणाली. "१९४२ साली बांधला. वर विमानांवर डागायच्या तोफा आणि खाली माणसं."

"किती माणसं मावायची?"

"सोय अठरा हजारांची होती. यायची पंचवीस हजार."

पंचवीस हजार! माझ्या माहेरच्या गावाची सगळी वस्तीसुद्धा एवढी नाही. तेवढी माणसं एका इमारतीत, रात्रभर, हातात एकेक पेटी आणि कडेवर पोरं घेऊन. मी त्या भिंतीला हात लावून पाहिला. भर उन्हाळ्यात ती थंडगार होती. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांना हा बंकर सुरुंगानं उडवायचा होता. पण तेवढा मोठा स्फोट केला तर शेजारची वस्तीही कोसळली असती, म्हणून तो राहिला. २०२४ साली त्याच्यावर मजले चढवून ही बाग केली. पायवाटेवर बाबागाड्या ढकलणाऱ्या आया होत्या, शेजारच्या फुटबॉलच्या मैदानातून आरोळ्या येत होत्या. माझ्या मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली. हा बंकर बांधला तो परदेशांतून पकडून आणलेल्या वेठबिगारांनी. आणि बॉम्ब पडू लागले की अशा मजुरांना आत जागा नसायची.

त्या दिवशी माझ्या मनात एक प्रश्न शिरला आणि पुढचे तीन महिने तो मला घरात बसू देईना. शाळेत आपण शिकलो तो जर्मनीचा इतिहास म्हणजे हिटलरचा इतिहास. नकाशावरचे बाण, तह, तारखा. पण पावाच्या रांगेत कोण उभं होतं? सायरन वाजल्यावर म्हाताऱ्या सासूला जिन्यावरून कोण उतरवत होतं? आणि शेजारचं कुटुंब एका सकाळी नाहीसं झालं तेव्हा त्याच जिन्यात उभं राहून कोण पाहत होतं?

मला स्वतःला युद्ध आठवतं ते १९७१चं. डिसेंबरमधली मुंबई, आमच्या खोलीच्या काचांवर चिकटवलेले काळे कागद, आणि वडिलांनी दिव्याला गुंडाळलेला खाकी पुठ्ठा. दोन आठवड्यांत ते संपलं. इथल्या लोकांनी घरं काळोखी केली १ सप्टेंबर १९३९ला आणि पडदे सरकवले १९४५च्या मे महिन्यात.

युद्ध त्यांच्या घरात आलं तेही कागदाच्या रूपानं. पोलंडवर पहिला गोळा पडायच्या आधीच, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, घरोघरी शिधापत्रिका वाटून झाल्या होत्या. प्रत्येक जिनसाची वेगळ्या रंगाची पत्रिका, तिच्यावर कापून द्यायची कुपनं. नोव्हेंबरात कपड्यांचंही कार्ड निघालं, वर्षाला शंभर गुण, त्यात मोज्यांपासून कोटापर्यंत सगळं भागवायचं. खरी कॉफी दिसेनाशी झाली. भाजलेले जव आणि चिकोरीचं पाणी कॉफी म्हणून प्यायलं जाऊ लागलं. त्या पाण्याला लोकांनी दिलेलं नाव, 'मुकेफुक', अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे.

तरीही हे मला नीट समजून घ्यावं लागलं की युद्ध चालू असताना सर्वसाधारण जर्मन माणूस उपाशी नव्हता. पहिल्या महायुद्धात, १९१६-१७च्या हिवाळ्यात, जर्मनीनं केवळ सलगमांवर दिवस काढले होते. भुकेलेलं घर सत्ता उलथवतं ही धास्ती नाझी राजवटीला होती. म्हणून जर्मन चुलीवरचं भांडं भरलेलं राहावं यासाठी युक्रेन, पोलंड, फ्रान्स, हॉलंड इथून धान्य, लोणी, मांस ओढून आणलं गेलं. तिथली माणसं भुकेनं मेली. सैनिक रजेवर येताना पेट्या भरून सामान आणत. बर्लिन काय किंवा हॅम्बुर्ग काय, जर्मन माणसाला खरी उपासमार भेटली ती युद्ध संपल्यावर, १९४६-४७च्या कडाक्याच्या हिवाळ्यात. तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात दिवसाला हजार उष्मांकांच्या आसपास शिधा मिळे, आणि लोक थांबलेल्या मालगाड्यांवर चढून कोळसा चोरत. त्या वर्षअखेरीच्या प्रवचनात कोलोनच्या कार्डिनल फ्रिंग्स यांनी गरजेपुरतं घेणाऱ्याला समजून घेण्याची भाषा केली, आणि कोळसा चोरण्याला जर्मन भाषेत त्यांच्याच नावाचं क्रियापद झालं.

शिध्याबरोबर आणखी एक गोष्ट मोजून मिळायची, ती म्हणजे बातमी. सरकारनं स्वस्तात रेडिओ विकले, आणि युद्धाच्या पहिल्याच दिवशी परदेशी केंद्र ऐकणं गुन्हा ठरवलं. लोक ऐकत, पण डोक्यावरून गोधडी घेऊन, आवाज अगदी बारीक करून. हॅम्बुर्गच्या एका सरकारी कचेरीत उमेदवारी करणारा हेल्मुथ ह्युबेनर हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बीबीसी ऐकायचा, त्यावरून पत्रकं टंकायचा आणि मित्रांकरवी ती टपालपेट्यांत, जिन्यांत टाकायचा. १९४२च्या फेब्रुवारीत तो पकडला गेला. २७ ऑक्टोबरला बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय वर्षं सतरा. मी शिकवलेल्या वर्गांतल्या सतरा वर्षांच्या मुलांचे चेहरे आठवले. पत्रक लिहिण्याइतकी हुशार त्यातली पुष्कळ होती.

माझा मुलगा राहतो त्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. जन्म १९३६चा. पाठीत किंचित वाकलेल्या, पण बाजारहाट स्वतः करतात. भेटल्या की "मॉइन" म्हणायच्या. सकाळ असो की रात्र, इथे हाच नमस्कार. मी साडी नेसून खाली उतरले की त्या पदराला हात लावून पोत बघायच्या. त्यांना शिवणातलं कळतं हे मी तेव्हाच ओळखलं. एका रविवारी त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. सून मधे बसून दोघींची भाषा इकडून तिकडे करत होती.

त्यांचं घर तेव्हा शहराच्या पूर्वेला, हाम भागात होतं. वडील रशियाच्या आघाडीवर. आई, आजी आणि दोन बहिणी. "आम्ही रात्री कपडे घालूनच झोपायचो," त्या म्हणाल्या. "वर फ्रॉक, आत दुसरा फ्रॉक. दाराशी पेटी. पेटीत कागदपत्रं, पाव आणि माझी बाहुली. सायरन झाला की आई नावं घेऊन मोजायची आणि खाली तळघरात." तळघरांच्या मधल्या भिंती फोडून त्या विटांनी कच्च्या बुजवलेल्या असत, म्हणजे एका घराला आग लागली तर शेजारच्या तळघरात जाता यावं. त्या भिंतीजवळची जागा मिळावी म्हणून बायका भांडायच्या, हेही त्यांनी सांगितलं.

१९४३च्या जुलैच्या मध्यावर आईनं मुलींना बव्हेरियातल्या खेड्यात पाठवलं. त्यांची आजी घर सोडायला तयार झाली नाही. ती पुन्हा भेटली नाही.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. ते मी निकोलाय चर्चच्या मनोऱ्याखाली वाचलं. हा मनोरा १४७ मीटर उंच आहे, आणि १८७४ ते १८७६ ही दोन वर्षं जगातली ती सर्वांत उंच इमारत होती. बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांना तो दुरून दिसायचा. आज चर्च नाही, छत नाही, मनोरा आणि काही पडक्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत, आणि तळघरात संग्रहालय. काचेच्या उद्‌वाहनातून ७६ मीटर वर नेतात. वरून पूर्वेकडे पाहिलं तर कचेऱ्या, गोदामं, कालवे दिसतात. तो हामरब्रोक. तिथे एकेकाळी गोदी कामगारांच्या खोलीला खोली चिकटलेल्या चाळी होत्या.

२४ जुलै ते ३ ऑगस्ट १९४३. ब्रिटिशांनी या मोहिमेला नाव दिलं होतं 'गोमोरा', बायबलमधल्या आगीत जळून गेलेल्या नगरीचं. रात्री ब्रिटिश विमानं, दिवसा अमेरिकन. पहिल्या रात्री त्यांनी आकाशातून ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या पट्ट्या ढगासारख्या सोडल्या आणि जर्मन रडार आंधळी केली. २७ जुलैच्या रात्री सातशेहून अधिक विमानं पूर्वेकडच्या चाळींवर आली. आधी स्फोटक बॉम्बनी छपरं आणि खिडक्या उघड्या केल्या, मग हजारो आगलावे बॉम्ब आत पडले. कित्येक दिवस पाऊस नव्हता, लाकूड वाळलेलं होतं, आणि आग विझवणारी पथकं शहराच्या दुसऱ्या टोकाला आधीच्याच आगींशी झुंजत होती. हजारो आगी मिळून एक झाली. तापलेली हवा वर गेली, आणि तिची जागा घ्यायला चहूकडून वारा आत धावला, चक्रीवादळासारखा, झाडं उपटणारा, माणसांना उचलून ज्वाळांत नेणारा. डांबर वितळलं. त्यात पाय रुतलेली माणसं उभ्या जागी जळाली.

आणि तळघरं? वर्षानुवर्षं लोकांना शिकवलं होतं की खाली राहा, बाहेर येऊ नका. बहुतेक माणसं तिथेच गेली, बॉम्बचा एकही तुकडा न लागता. आगीनं हवा ओढून घेतली होती आणि विषारी वायू खाली उतरला होता. भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर पोर घेतलेली माणसं तशीच सापडली. त्या दहा दिवसांत जवळपास ३५ ते ४० हजार माणसं मेली. नऊ लाख लोक शहर सोडून गेले, आगगाडीनं, होडीनं, पायी, कित्येक रात्रीच्या कपड्यांवर.

हामरब्रोकच्या कालव्याकाठी मी उभी राहिले तेव्हा पाण्यावर बदकं होती. याच भागातल्या एका कालव्यात सहा वर्षांचा मुलगा आईच्या गळ्याला मिठी मारून तरला. तो म्हणजे पुढे मोठा झालेला गीतकार आणि गायक वोल्फ बिअरमान. त्याची आई एम्मा त्याला घेऊन पाण्यातून पोहत निघाली. त्याचे वडील गोदी कामगार, ज्यू आणि कम्युनिस्ट. त्यांना त्याच वर्षी फेब्रुवारीत आउश्विट्झमध्ये मारलं होतं. म्हणजे पाच महिन्यांत या मुलाला दोन्ही बाजूंच्या आगीनं गाठलं. बाप गेला तो स्वतःच्या देशाच्या हातून, आणि आईबरोबर तो जळता जळता वाचला तो त्या देशाच्या शत्रूच्या बॉम्बखालून. या एका घराचा विचार करता करता माझी कालव्याकाठची ती दुपार गेली. दुःखाच्या दोन रांगा करून इकडचं खरं, तिकडचं खोटं असं म्हणायची सोय तिथे राहत नाही.

प्रेतं काढायचं काम कुणी केलं, तर नॉयनगामं छळछावणीतल्या कैद्यांनी. शहराच्या दक्षिण-पूर्वेला असलेल्या या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत लाखाहून अधिक माणसं कोंडली गेली आणि किमान ४२,९०० मेली. गाडल्या गेलेल्या तळघरांत त्यांनाच उतरवलं, न फुटलेले बॉम्ब त्यांच्याच हातांनी निकामी करवले. शहरातल्या लोकांनी त्यांना पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत रस्त्यारस्त्यावर पाहिलं. छावणी गावाबाहेर होती, आम्हाला काय ठाऊक, हे म्हणणं त्यानंतर कुणालाही शक्य नव्हतं.

कॉफीच्या दुसऱ्या कपाला आजी उठल्या आणि आतल्या खोलीत मला हाताला धरून घेऊन गेल्या. खिडकीशी शिवणयंत्र होतं. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायानं चालवायचं. माझ्या आईच्या यंत्राची आठवण होऊन मी आनंदानं चाकाला हात लावला. आजी म्हणाल्या, "युद्धानंतर आईनं यावर आम्हाला तीन पोरींना वाढवलं. खिडक्यांचे काळे पडदे काढून त्याचे आमचे स्कर्ट शिवले. शेजारणींचे कोट उलटवून दिले. बदल्यात बटाटे मिळायचे."

मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "हे तिनं १९४२ साली लिलावात घेतलं. स्वस्त मिळालं. कुणाचं होतं हे मी तिला एकदाच विचारलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. परत मी विचारलं नाही."

सुनेनं हे मराठीत सांगितलं, आणि माझा हात आपोआप चाकावरून निघाला.

हा लिलाव म्हणजे काय होता, ते नंतर वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. १९४१च्या सप्टेंबरात हॅम्बुर्गवर हल्ला होऊन घरं पडली, तेव्हा इथला नाझी प्रमुख कार्ल काउफमान यानं हिटलरकडे मागणी केली की शहरातल्या ज्यूंना हलवा, म्हणजे बेघर झालेल्यांना त्यांच्या जागा देता येतील. २५ ऑक्टोबरला हजारावर ज्यूंची पहिली गाडी हानोव्हर स्टेशनातून पोलंडमधल्या वुजकडे गेली. मग मिन्स्क, रिगा, टेरेझिनश्टाट, आउश्विट्झ. मागे राहिलेल्या खाटा, चादरी, घड्याळं, शिवणयंत्रं सरकारनं लिलावात काढली. वर्तमानपत्रांत जाहिराती येत. हॉलंडमधल्या ज्यू घरांतलं सामान तर जहाजं भरभरून बंदरात उतरे. इतिहासकार फ्रांक बायोर यांनी हिशेब मांडला आहे की हॅम्बुर्ग आणि आसपासच्या किमान एक लाख लोकांनी असं काही ना काही विकत घेतलं. फेडेल या कामगारवस्तीतल्या एका ग्रंथपालबाईंनी लिहून ठेवलंय, की साध्यासुध्या गृहिणी एकाएकी फरचे कोट घालून हिंडू लागल्या आणि घराघरांत हॉलंडहून आलेले गालिचे अंथरले गेले.

आजींची आई अशा लाखातली एक. मला तिचा राग यावा की तिची कणव यावी? खरं सांगते, दोन्ही आली, आणि अजून दोन्ही आहेत. नवरा आघाडीवर, पदरात तीन मुली, आणि स्वस्तातलं चांगलं यंत्र. कुणाचं, हे तिला माहीत होतं; म्हणून तर ती उठून गेली.

त्याच वर्षी, १९४२च्या जुलैत, हॅम्बुर्गच्याच राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी पोलंडमधल्या युझेफुफ गावात होती. साधारण पाचशे माणसं, बहुतेक मध्यमवयीन, बायकामुलांची, गोदी कामगार, ट्रकचालक, कारकून, विक्रेते. सैन्यात घ्यायला वय जास्त म्हणून पोलिसांत घेतलेले. त्यांचे मेजर ट्राप यांनी डोळ्यांत पाणी आणून हुकूम सांगितला आणि म्हणाले, ज्या वयस्कांना हे जमणार नाही त्यांनी पुढे यावं, त्यांना वगळू. बारा-तेरा जण पुढे आले. उरलेल्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे दीड हजार ज्यूंना, म्हाताऱ्यांना, बायकांना, तान्ह्या मुलांना रानात नेऊन गोळ्या घातल्या. कुणीही त्यांच्या कानशिलाला पिस्तूल लावलं नव्हतं. नकार दिलेल्यांनाही शिक्षा झाली नाही. ही माणसं इथल्याच रस्त्यांवरून कामाला जात होती, हे आठवलं की मला बसमध्ये आपल्याकडच्याही माणसांचे चेहरे निराळे दिसतात.

सगळे तसे होते असं नव्हे. लुइझे झोल्मिट्झ या हॅम्बुर्गच्या शिक्षिकेची रोजनिशी आहे. १९३३ साली मशालींची मिरवणूक पाहून त्या हरखून गेल्या होत्या. त्यांचे पती पहिल्या महायुद्धात गाजलेले अधिकारी, पण जन्मानं ज्यू. बाईंनी ज्या राजवटीचं कौतुक केलं तिनं दोन वर्षांत त्यांच्या पतीचं नागरिकत्व काढून घेतलं आणि मुलीला अर्धी ज्यू ठरवलं. त्या नवऱ्याला सोडून गेल्या नाहीत, आणि या लग्नामुळेच तो वाचला. आणि माटिल्डे व्होल्फ-म्योंकेबेर्ग! शहराच्या मुख्य रस्त्याला ज्यांचं नाव आहे त्या महापौरांची ही मुलगी. परदेशी गेलेल्या मुलांना युद्धाची सगळी वर्षं पत्रं लिहीत राहिली, एकही टपालात टाकता येत नसताना. मुलं देशाबाहेर असलेल्या कुठल्याही मराठी आईला ते वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

आल्स्टर तळ्याकाठच्या अटलांटिक हॉटेलसमोर मी मुद्दाम गेले. ११ सप्टेंबर १९४२ला सुभाषबाबूंच्या उपस्थितीत इथे जर्मन-भारतीय संस्थेचं उद्‌घाटन झालं आणि आपलं 'जन गण मन' वाजलं. ऊर भरून आला, हे खरं. पण त्याच उन्हाळ्यात याच शहराच्या स्टेशनातून गाड्या भरून जात होत्या हेही मला आता ठाऊक होतं. मी तिथे फोटो काढला नाही.

शेवटच्या आठवड्यात रोथेनबुर्गसोर्टला गेले. हाही भाग त्या जुलैत भाजून निघाला होता. बुलेनहूझर डाम या रस्त्यावर लाल विटांची एक शाळा त्यातून उभी राहिली. आजूबाजूला माणूस नव्हता, म्हणून १९४४मध्ये तिथे नॉयनगामंच्या कैद्यांची उपछावणी केली. २० एप्रिल १९४५च्या रात्री, ब्रिटिश फौजा शहराच्या जवळ आलेल्या असताना, इथे वीस ज्यू मुलांना आणलं. दहा मुली, दहा मुलगे, पाच ते बारा वर्षांचे. छावणीत एका डॉक्टरानं त्यांच्यावर क्षयाचे प्रयोग केले होते, आणि पुरावा राहू नये म्हणून त्यांना तळघरात फासावर दिलं. त्यांची काळजी घेणारे दोन फ्रेंच डॉक्टर, दोन डच सेवक आणि कित्येक सोव्हिएत कैदी यांनाही. तेरा दिवसांनी, ३ मेला, हॅम्बुर्ग शरण आलं.

शाळा पुढे काही वर्षांत पुन्हा भरू लागली. त्या तळघराच्या वर मुलं कित्येक वर्षं पाढे म्हणत होती.

आजींना मी तिथे जाऊन आल्याचं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. यंत्राचं काय करायचं ते त्यांचं ठरलेलं नाही. ज्याचं त्याला परत द्यायला नाव नाही, विकायला मन नाही, आणि मुलगी म्हणते, मला घरात नको.

हॅम्बुर्गला आपली पुष्कळ मुलं आता नोकरीला आहेत. त्यांच्याकडे गेलात तर बंदर बघा, तळं बघा. रस्त्यानं चालताना दारांसमोर फरशीत बसवलेले पितळेचे तळहाताएवढे चौकोन दिसतील. त्यांवर त्या घरातून नेलेल्या माणसांची नावं आहेत, थांबून वाचा. आणि एक दिवस बुलेनहूझर डामला जा. शाळेच्या मागे गुलाबांची बाग आहे. जाताना एक रोप घेऊन जा. तिथे कुणीही लावू शकतं.